पंधरा वर्षं झालेली गाडी घरीच दुरुस्त करून पासिंगला नेली तर चालते का?

तुमची २०१० ची वॅगन-आर आहे, आरसी रिन्यूअलसाठी पासिंगला न्यायची आहे, गॅरेजने पंचवीस हजार सांगितले आणि खिशात दहाच आहेत. इथवर ठीक. पण तुमचे मामा म्हणतात की घरी हात लावलेली गाडी इन्स्पेक्टर लगेच ओळखतो आणि परत पाठवतो. त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो.

इन्स्पेक्टर ब्रेक बघतो, बिल मागत नाही. नट कुणी आवळला याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, फक्त तो आवळलेला असला पाहिजे.

आम्ही बेळगावच्या अनगोळचे. आमची मारुती ८००, केए-२२, वडिलांनी २००७ साली घेतलेली. जून २०२२ मध्ये तिला पंधरा वर्षं पुरी झाली. वडील उद्यमबागेत टर्नर होते, एकतीस वर्षं लेथवर उभे राहिले. २०१९ ला ते गेले. गाडीबरोबर त्यांची पत्र्याची पेटी मागे राहिली. त्यातला एकेक पाना तेलाच्या चिंधीत गुंडाळलेला. आमच्याही गाडीला एका गॅरेजने बावीस हजार सांगितले होते. मी पेटी अंगणात आणून उघडली, तेवढ्यात दाजी आले. "काय करूलालास रे हे? एजंटला देऊन टाक, नाहीतर भंगारात घाल. हातच काळे करायचे होते तर बीकॉम कशाला झालास?"

आई चहा घेऊन दारातच उभी होती. तिने ऐकलं. वडिलांच्या हातांना रिटायर झाल्यावरही कटिंग ऑइलचा वास यायचा आणि त्याच हातांनी माझ्या बहिणीचं लग्न, म्हणजे दाजींचंच लग्न, लावून दिलं होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. डावं मागचं चाक खोललं.

ब्रेकचा ड्रम निघता निघेना. हँडब्रेकची केबल सैल केली, गंजावर तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू ठोकल्यावर तो सुटला. आत सगळं ओलं होतं. व्हील सिलिंडरचं रबर गेलेलं, ब्रेक ऑइल झिरपून लायनर भिजलेले. तेल प्यायलेला लायनर धुऊन परत बसवू नका, कितीही चांगला दिसू दे. मी दोन्ही बाजूंचे लायनर आणि सिलिंडरची किटं नवी घातली. ड्रमला आतून कड आली होती. ती वडिलांच्या एका जुन्या सोबत्याने उद्यमबागेत लेथवर काढून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हता, मी दीडशे त्याच्या खिशात ठेवले.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअर काढायची. याला दोन माणसं लागतात आणि घरी आईच होती. बासष्ट वर्षांची, ड्रायव्हरच्या सीटवर जन्मात कधी बसलेली नाही. नऊवारीचा काष्टा सावरून बसली. मी चाकापाशी, ब्लीडर निपलला (हवा सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब. धरून ठेव." मी निपल सैल करायचो, नळीतून बुडबुडे जायचे, निपल आवळायचो. "सोड." मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे मागचं डावं आधी. मध्येमध्ये डब्यातली ऑइलची पातळी बघत राहायची. ती खाली गेली की परत हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. चाळीसेक वेळा दाबून झाल्यावर मी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "आता टणक लागतंय बघ." नळीत बघितलं तर एकही बुडबुडा नव्हता.

बाकीचं भराभर सांगतो. पीयूसीला आमचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८ टक्के आला होता, बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचा सरकारी निकष) पेट्रोलला मर्यादा ०.५. तिन्ही प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट, एअर फिल्टर मातीने भरलेला. दोन्ही बदलले, खानापूर रोडने मच्छेपर्यंत जाऊन आलो आणि इंजिन गरम असतानाच परत टेस्ट केली. ०.३. थंड गाडी पीयूसीला नेऊच नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) तापल्याशिवाय काम करत नाही. तुमची बीएस-४ असेल तर मर्यादाच ०.३ आहे आणि एचसी (हायड्रोकार्बन) २०० पीपीएम, आरसीवर बघून घ्या. एक हेडलाइट मंद होता. बल्ब नवा आणायच्या आधी मी अर्थिंगचा स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासला, तेवढ्यावर उजेड आला. इंडिकेटर फडफड घाईने लागत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय असं समजा. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा, १००/९० बेकायदेशीर आहे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली नको. चेसिस नंबरवरचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर तिथे लावू नका. अंक झिजले तर इन्स्पेक्टर त्यावर कागद ठेवून घेतो ती पेन्सिलची छाप नीट उठत नाही आणि तो घोर वेगळाच. सडलेल्या पत्र्यावर पुट्टी मारून रंग देणाऱ्यांबद्दल मला आदर नाही. पत्रा कापून नवा जोडायचा, ते काम मात्र वेल्डरचं.

सगळं मिळून चार हजार दोनशे गेले, फी सोडून. रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, ग्रीन टॅक्स वेगळा. म्हणजे तुमच्या दहातले निम्मे इथेच जातात, त्यामुळे गॅरेजचा विषय तसाही संपतो. रिन्यूअलचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागते, इन्शुरन्स चालू हवा. तुमची गाडी एमएच-०९ असेल (आपल्याकडे पुष्कळांची असते) तर हे सगळं कोल्हापूरच्या आरटीओत, नाहीतर आधी एनओसी आणून इकडे नोंदणी करून घ्या.

पासिंगच्या दिवशी इन्स्पेक्टरने छाप घेतली, दिवे, हॉर्न, वायपर बघितले, गाडी पळवायला लावून ब्रेक मारायला सांगितला. चारी चाकं एका रेषेत थांबली. हँडब्रेक ओढून गाडी ढकलून बघितली, हलली नाही. सही झाली. दाजींनी अजून "गाडी पास झाली का" एवढंसुद्धा विचारलेलं नाही. गेल्या दिवाळीला आम्ही सगळे त्याच गाडीतून खानापूरला गेलो, दाजी मागच्या सीटवर होते, आणि वाटेत एक बैल आडवा आल्यावर मी जोरात ब्रेक मारला. आई पुढे माझ्याशेजारी होती. मागे वळून म्हणाली, "त्याची एअर मी काढलीय."

लिहिता लिहिता एक राहिलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, जॅक स्टँड घ्या किंवा मागून आणा. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने टिपा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. एअर काढूनही पेडल मऊच लागत असेल तर गाडी गेटबाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा आणि त्याचे पैसे द्या. क्लचप्लेटचंही तुम्ही विचारलं होतं. ते काम मी कधी केलेलं नाही, तिथे गॅरेजच बघा.