एमपीआयमध्ये १६ प्रोसेसवर चालणारं ‘रीड ऑल’ २० प्रोसेसवर का अडकतं?

एमपीआय म्हणजे एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रोसेस एकमेकांशी बोलत चालवायची पद्धत, आणि ‘रीड ऑल’ म्हणजे त्या सगळ्यांनी मिळून एक फाइल वाचायचा कॉल. तुमच्या कोडमधली ही ओळ बघा: रँक (प्रोसेसचा क्रमांक, ० पासून) १६ पेक्षा कमी असेल तरच ‘एमपीआय फाइल रीड ऑल’. फाइलमधल्या मॅट्रिक्सच्या ४×४ ब्लॉकसाठी १६ प्रोसेस पुरतात, म्हणून उरलेल्या चौघांना तुम्ही वगळलंत. पण फाइल उघडलीय ‘कॉम वर्ल्ड’वर, म्हणजे सगळ्या प्रोसेसच्या गटावर, आणि वीसही जण त्यात आहेत. ‘रीड ऑल’सारखा कलेक्टिव्ह, म्हणजे सामूहिक, कॉल गटातल्या सगळ्यांनी करायचा असतो, नाहीतर बाकीचे वाट बघत अडकू शकतात, ज्याला काही वाचायचं नाही त्यानेसुद्धा. त्या चौघांना काउंट (किती आकडे वाचायचे ते) ० देऊन तोच कॉल करू द्या. फाइलमधला कुठला भाग कोणाचा ते सांगणाऱ्या ‘सेट व्ह्यू’चंही तसंच, तोही कलेक्टिव्ह आहे. नाहीतर ‘कॉम स्प्लिट’ने १६ जणांचा वेगळा कम्युनिकेटर, म्हणजे गट, काढा आणि फाइल त्याच्यावर उघडा. मला हे दुसरं जास्त आवडतं. याच चुकीपायी माझे दोन दिवस गेलेत, आणि शेवटपर्यंत मी नेटवर्कलाच शिव्या देत होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एवढी कटकट करायचीच कशाला? ८०००×८००० चा डबल (८ बाइटच्या आकड्यांचा) मॅट्रिक्स म्हणजे ५१२ एमबी. एका प्रोसेसचा ब्लॉक २०००×२०००, पण फाइलमध्ये तो सलग नसतो. १६,००० बाइट वाचा, ४८,००० ओलांडा, पुन्हा १६,००० वाचा, असं २००० वेळा. सोळा जणांचे मिळून ३२,००० बारके रीड होतात. तुमचं ‘रीड ॲट’, ज्यात जो तो आपापलं वेगळं वाचतो, रेंगाळतंय ते यामुळे.

‘रीड ऑल’मध्ये कोणाला काय हवंय ते लायब्ररीला आधीच कळतं. पंगतीत प्रत्येकजण उठून भात आणायला जात नाही, दोन वाढपी बादली घेऊन फिरतात, तसंच हे. रोमिओमध्ये, म्हणजे एमपीआयचं फाइलकाम करणाऱ्या एका लायब्ररीत, या वाढप्यांना ॲग्रीगेटर म्हणतात. नेहमीच्या सेटिंगला दर नोडमागे (क्लस्टरमधल्या एका मशीनमागे) एक, बफर १६ एमबीचा. तुमचे दोन नोड असतील तर एकेक ॲग्रीगेटर ४००० ओळी, म्हणजे २५६ एमबी, सोळा फेऱ्यांत सलग वाचतो आणि प्रत्येक फेरीत ज्याचा तुकडा त्याला नेटवर्कवरून पाठवतो. डिस्कच्या उड्यांपेक्षा हे वाटप कितीतरी स्वस्त पडतं.

अट एकच: पूर्ण ब्लॉक एका कॉलमध्ये मागा. ‘टाइप क्रिएट सबअ‍ॅरे’ने आपल्या ब्लॉकची जागा आणि आकार सांगा, तो कमिट म्हणजे पक्का करा, ‘सेट व्ह्यू’ करा, मग एकदाच ‘रीड ऑल’. ओळीओळीने लूपमध्ये बोलावलंत तर दर वेळी फक्त एका ओळीपुरतीच जुळवाजुळव होते आणि फायदा पाण्यात. प्रत्येकाचा भाग मुळातच सलग आणि मोठा असेल तर मात्र फारसा फरक पडणार नाही. चार ओळींची कॉन्फिग फाइल असेल तर रँक ० ने वाचून ब्रॉडकास्ट करावी, म्हणजे सगळ्यांना पाठवावी.

जाता जाता: एमपीआयमध्ये फाइलची एरर आली तरी प्रोग्राम आपोआप थांबत नाही, कम्युनिकेटरच्या एररला थांबतो तसा. नुसता एरर कोड परत येतो. तो तपासला नाहीत तर कचऱ्यावर गणित चालू राहील आणि उत्तरही येईल.

एवढं करूनही संथ वाटलं आणि फाइल लस्टरवर (फाइलचे तुकडे अनेक स्टोरेज टार्गेटवर ठेवू शकणाऱ्या फाइल सिस्टिमवर) असेल, तर ‘एलएफएस गेटस्ट्राइप’ ही कमांड चालवून बघा. स्ट्राइप काउंट, म्हणजे फाइल किती टार्गेटवर पसरलीय तो आकडा, १ आला तर ॲग्रीगेटर कितीही वाढवा, सगळे एकाच टार्गेटपुढे रांग लावणार. डिरेक्टरीवर काउंट वाढवून फाइलची तिथे नवी कॉपी करा. जुनी फाइल आपोआप पसरत नाही.