दात दुखत नसले, तरी दंतवैद्याकडे नियमित जाणे आवश्यक आहे का?

तुम्ही विचारले आहे की, दिवसातून दोन वेळा ब्रश करूनही हिरड्यांतून रक्त का येते, काहीच दुखत नसताना दंतवैद्याकडे कशाला जायचे, आणि दातांची सफाई करून घेतली की दात हलू लागतात हे खरे आहे का. मी दंतवैद्य नाही. नागपुरात नोकरी करणारा आणि चाळिशी उलटेपर्यंत अगदी तुमच्यासारखाच विचार करणारा एक रुग्ण आहे, त्यामुळे माझे उत्तर त्याच बाजूने वाचावे.

माझे डोळे उघडले ते आईच्या कवळीमुळे. कवळी हिरडीला टोचत होती म्हणून तिला घराजवळच्या दवाखान्यात नेले होते. तिचे काम आटोपल्यावर डॉक्टर मॅडमनी मला सहज विचारले, "तुम्ही स्वतःचे दात शेवटचे कधी दाखवले?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले की मला कधी दुखलेच नाही. त्यांनी कापसाच्या बोळ्याने माझ्या दातांना गुलाबी रंगाचे औषध लावले, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला. समोरून दिसणारा भाग स्वच्छ होता. पण खालच्या दातांची जिभेकडची बाजू, हिरडीलगतची कड आणि दोन दातांमधल्या फटी गडद गुलाबी दिसत होत्या. जिथे प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, शिल्लक असतो तिथेच तो रंग टिकतो. याउलट डाव्या बाजूच्या सुळ्याजवळ मी इतका जोर लावत आलो होतो की हिरडी मागे सरून दाताच्या मुळाशी खाच पडली होती. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांच्या डाव्या बाजूला असे बऱ्याचदा होते, असे त्यांनी सांगितले. थोडक्यात, वीस-पंचवीस वर्षे मी ब्रश नेमाने केला होता, पण नको तिथे.

रक्त येण्याचे कारण यातच आहे. हिरडीच्या कडेला राहिलेल्या थरामुळे हिरडीला सूज येते आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शानेही रक्ताळते. आपण घाबरून नेमका तेवढाच भाग ब्रश करताना टाळतो, आणि मग थर आणखी वाढतो. वास्तविक तिथेच मऊ ब्रशने, ब्रिसल्स हिरडीकडे साधारण ४५ अंशांत कलते धरून, हलक्या हाताने छोट्या छोट्या हालचाली कराव्यात. एका वेळी सुमारे दोन मिनिटे द्यावीत आणि आतल्या बाजूपासून सुरुवात करावी, कारण बाहेरची बाजू आपण कधीच विसरत नाही. दातांमधल्या फटींत नेहमीचा कोणताही ब्रश पोहोचत नाही. तिथे फ्लॉसचा धागा किंवा फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश लागतो. असे केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवे, आणि न थांबल्यास दाखवायलाच हवे.

रात्रीचा ब्रश मात्र कोणत्याही सबबीवर चुकवू नये. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांचे रखवालीचे काम लाळच करत असते. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा. पेलाभर पाण्याने खळखळून चूळ भरली तर ते फ्लोराइड दातांवर राहत नाही. ही सवय बदलायला मला सर्वांत जास्त दिवस लागले. गोडाबाबत सांगायचे, तर किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. कार्यालयात दिवसभरात साखरेचा चहा सहा वेळा घेतला, तर सहा वेळा तोंडात आम्ल तयार होते आणि दर वेळी ते निवळायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंड आधीच कोरडे पडलेले असते. अशा वेळी घोट घोट उसाचा रस किंवा थंड पेय घेत बसण्याऐवजी साधे पाणी प्यावे. संत्री खाल्ल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे.

आता, हे सर्व नीट केले तरी दवाखान्यात का जायचे? कारण राहिलेला प्लाक लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो आणि त्याचे किटण बनते. एकदा किटण झाले की ते ब्रशने, मिठाने किंवा राखुंडीने निघत नाही. राखुंडीने दाताचे वरचे आवरण मात्र झिजते. शिवाय या आवरणाला संवेदनाच नसते, त्यामुळे कीड आत शिरेपर्यंत काहीच कळत नाही, आणि हिरडीखालचे हाड तर बहुधा न दुखताच झिजत जाते. दुखू लागेपर्यंत थांबलेल्या माणसाला साध्या सिमेंटऐवजी रूट कॅनल करून घ्यावे लागते.

सफाईने दात हलतात हा समज कसा पसरला असावा, ते मला स्वतःच्या अनुभवावरून कळले. किटण निघाल्यावर जिभेला फटी जाणवतात आणि काही दिवस थंड पाणी झिणझिणते. हाड आधीच झिजलेले असेल, तर किटणाच्या आधाराने उभा असलेला दात मोकळा वाटतो. दात सैल झालेला असतो तो आधीच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, ती म्हणजे पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण. त्यातली तंबाखू सर्वांना ठाऊक असते. पण नुसत्या सुपारीनेही गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते, हे "मी तर फक्त सुपारी खातो" असे म्हणणाऱ्यांना माहीत नसते. पूर्वी आवडीने खाल्लेला झणझणीत सावजी रस्सा एकाएकी सोसेनासा होणे, हे त्याचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. स्वतःची तीन बोटे जोडून उभी तोंडात जातात का, ते पाहावे. जात नसल्यास, किंवा तोंडातला एखादा पांढरा-लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसल्यास, दर सहा महिन्यांनी करायच्या नेहमीच्या तपासणीची वाट पाहू नये.

सहा महिने हा आकडाही सर्वांना सारखा लागू नाही. मधुमेह असलेल्यांनी, तंबाखू खाणाऱ्यांनी आणि दातांना तारा लावलेल्यांनी त्याहून लवकर जावे. ज्यांचे दात-हिरड्या उत्तम आहेत त्यांना डॉक्टर वर्षाचीही मुदत देतात. खर्चाची अडचण असल्यास नागपुरात मेडिकलजवळचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळचे, शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो. म्हणून सकाळीच जाऊन केसपेपर काढावा. मधुमेह किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू असतील, तर ते सांगायला विसरू नये.

पहिल्याच भेटीत हिरड्यांची खोली मोजून घ्या. खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये हळूच सरकवतात. ३ मिलिमीटरपर्यंत ती गेली तर चिंता नसते. माझ्या दोन दाढांशी ती ५ पर्यंत गेली होती. सहा महिन्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा एका ठिकाणी ३ आणि दुसऱ्या ठिकाणी ४ भरले. त्या ४ साठी मला आता दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे.