पोरी, आधी कंट्रोल लाव

पोरी,

मॅडम नको म्हणू, ताई म्हण. तुझा मेल परवा सावद्याला आले तेव्हा गच्चीवर बसून वाचला, लाईट गेलेली, गरम तर विचारू नको. पप्पांना अटॅक आला, जळगावला नेईपर्यंत उशीर झाला, आता हार्टचं पंपिंग कमी आहे आणि म्हणून तुला एक्सोसोमवर, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या बारीक पिशव्यांवर, पीएचडी करायचीय. आधी कडू तेच बोलते. तुझ्या पीएचडीने पप्पा बरे होणार नाहीत गं. त्यांच्या गोळ्या, फॉलोअप, तंबाखू, हे आत्ता बघ. उंदरापासून पेशंटपर्यंतचा रस्ता अजून खूप लांब आहे.

पण विषय धर, खरंच धर. हार्टच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का नव्या होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी, हे 2009 मध्ये अणुचाचण्यांनी हवेत पसरलेल्या कार्बन-14 वरून मोजलं होतं. मोठ्या अटॅकमध्ये मात्र 100 कोटींपर्यंत पेशी जाऊ शकतात. म्हणून लोकं स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा पेशी, हार्टमध्ये टोचायला लागले, त्यातल्या बहुतेक टिकायच्याच नाहीत तरी थोडा फायदा दिसायचा, मग लक्षात आलं की पेशी मरायच्या आधी काहीतरी सोडून जातात. आपल्याकडे वखारीत कच्च्या घडांजवळ एक पिकलेली फणी ठेवली की बाकीचे पिकायला लागतात ना, फणी जागची हलत नाही, तिचा वायू काम करतो. इथे वायूऐवजी चरबीच्या पातळ आवरणाच्या पिशव्या असतात, एक्सोसोम म्हणजे साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या, आत प्रोटीन आणि आरएनए. 1983 मध्ये कोवळ्या लाल रक्तपेशींत त्या दिसल्या तेव्हा पेशी कचरा टाकतेय असंच कितीतरी जणांना वाटलं, आणि 2010 मध्ये सिंगापूरच्या ग्रुपने दाखवलं की स्टेम सेलच्या एक्सोसोमने उंदराच्या हार्टमधला मेलेला भाग लहान राहतो.

आता जे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही ते. पेशी ज्या द्रवात वाढवतो त्या मीडियममध्ये त्या पिशव्या सोडतात, तो आपण 1 लाख जी ला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने, फिरवून पिशव्या तळाला बसवतो, पण तळाला नुसत्या पिशव्या बसत नाहीत, प्रोटीनच्या गुठळ्या बसतात, इतर कचरा बसतो. मग ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने प्रोटीनचे तुकडे करायचे, मास स्पेकमध्ये, म्हणजे वजनावरून तुकडे ओळखणाऱ्या मशीनमध्ये घालायचे, आणि शेकडो हजारो प्रोटीनची यादी बाहेर येते. तिथेच मन घसरतं. माझ्या यादीत एक प्रोटीन वरती आलं, हार्ट वाचवणारं म्हणून नाव असलेलं, मी 8 महिने त्याच्यामागे, रात्री 2 ला पण लॅबमध्येच. शेवटी पेशी न टाकलेलं, नुसतं मीडियम तसंच फिरवून बघितलं तर त्यातही तेच. वासराच्या सीरमचं होतं ते, जे पेशी वाढवायला आपण मीडियममध्ये घालतो. जिन्यात बसून रडले होते. ते कंट्रोल, म्हणजे पेशीशिवायची ती तुलना, पहिल्या आठवड्यात लावायला फक्त 2 दिवस लागले असते.

आणि मी का नाही लावलं? कारण मला ते खरं निघायला हवं होतं. तुला तर माझ्याहून जास्त हवं असणार, घरात पप्पा धापा टाकताना दिसतात, म्हणून तुझीच जास्त काळजी वाटते. ह्याच क्षेत्रात एका लॅबमधून, मोठ्या माणसाच्या हार्टमध्येच स्टेम सेल आहेत आणि त्या ते दुरुस्त करतात असं वर्षानुवर्षं छापून आलं, त्यावर पेशंटवर ट्रायल झाल्या, आणि 2018 मध्ये हार्वर्डने त्या लॅबचे 31 पेपर मागे घ्यायला सांगितले. कोणीतरी आजारी माणसं त्या आशेवर होती गं.

तर गाईड निवडताना पेपर किती हे नंतर बघ, आधी त्यांच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार की रिझल्ट निगेटिव्ह आला तर सर काय म्हणतात. नेट-जेआरएफ काढ, स्वतःची फेलोशिप असली की नाही म्हणता येतं. एक्सोसोमच्या कामाचे नियम, मिसेव म्हणतात त्याला, 2023 चे आलेत, ते सावकाश वाच, इंग्रजी जड वाटलं तर फोन कर, आपण दोघी मिळून वाचू.

आणि एमएससीच्या प्रोजेक्टची वही पाठव. बाईंडिंग केलेला रिपोर्ट नको, वही, खोडलेल्या पानांसकट.

तुझी ताई