वाचकांचे प्रश्न : खोडदची दुर्बीण आणि गुरुत्वीय लहरी

प्रश्न : गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो यंत्राला चार-चार किलोमीटरच्या भुजा लागतात. मग पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या कशा शोधते?

उत्तर : पल्सारांची (ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्यांची) वेळ तपासून. महाकाय कृष्णविवरांच्या जोडीची एक लहर पुरी व्हायला काही वर्षे लागतात. साधारण 10 हर्ट्झच्या वरच्या लहरी टिपणाऱ्या लायगोला ती कळतच नाही. इथे पल्सार ते पृथ्वी हे अंतरच भुजा : लहरीने ते किंचित ताणले-आकसले की स्पंद उशिरा किंवा लवकर पोचतात.

पल्सारचे हजारो स्पंद एकावर एक रचून स्वच्छ आकार मिळवतात, तो ठरलेल्या नमुन्याशी जुळवून आगमनाची वेळ काढतात. तोच स्पंद सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर कधी पोचला असता ते काढतात (नुसत्या पृथ्वीच्या प्रदक्षिणेने सुमारे 500 सेकंद इकडे-तिकडे होतात!) आणि अपेक्षित वेळ वजा करतात. उरतो तो मायक्रोसेकंदाहूनही लहान फरक.

खरी डोकेदुखी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची, कारण त्यांच्यामुळे स्पंदाला उशीर होतो. कंप्रता कमी तितका उशीर जास्त, तोही वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. एखाद्या जवळच्या पल्सारचा स्पंद 1400 मेगाहर्ट्झला 21 मिलिसेकंद रखडत असेल, तर 400 ला 260. आता वाटेतले इलेक्ट्रॉन फक्त दहा हजारांत एक भागाने वाढले, तर 1400 ला 2 मायक्रोसेकंदांची चूक होते आणि ती गुरुत्वीय लहर म्हणून खपून जाऊ शकते. 400 ला तोच बदल 26 मायक्रोसेकंद दिसतो, म्हणजे मोजता येतो. म्हणून खोडदच्या 30 तबकड्या गटांत वाटून 300-500 आणि 1260-1460 मेगाहर्ट्झ हे दोन्ही कंप्रता-पट्टे एकाच वेळी घेतात. वेगवेगळ्या दिवशी घेऊन भागत नाही, कारण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत राहते. विशेषतः पल्सार सूर्याच्या दिशेला आला की सौरवाऱ्यामुळे हा आकडा भराभर हलतो.

प्रश्न : घड्याळच चुकले असेल तर?

उत्तर : मग सगळे पल्सार एकसारखे पुढे-मागे होतील. ग्रहांच्या स्थानांत चूक असेल, तर आकाशाच्या समोरासमोरच्या बाजूंना उलट फरक दिसेल. लहरींची खूण वेगळी : आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दोन पल्सारांचे फरक जुळतात, त्यांच्यातला कोन सुमारे 50 अंश असला की संबंध शून्य होतो, 80 च्या आसपास उलटा आणि 180 ला पुन्हा थोडा जुळता. हे हेलिंग्ज आणि डाऊन्स यांनी 1983 मध्येच मांडले होते.

जून 2023 मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांना 25 पल्सारांत ही खूण सुमारे 3 सिग्मा इतकी दिसली (सिग्मा हे खात्रीचे माप : ते जितके जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). 5 सिग्माशिवाय शोध म्हणत नाहीत, तेव्हा त्या वेळचे काही मथळे घाईचेच होते. गंमत अशी, की 24.7 वर्षांच्या सगळ्या नोंदी घेतल्या तर खूण फिकी पडते आणि अलीकडच्या 10 वर्षांत ठळक होते. जुन्या यंत्रांचे पट्टे अरुंद होते, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा हिशेब नीट लागत नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण.