कंसातला कंस: उरलेला ")" पुसू नका

"धंतोली (जुना प्लॉट ४५ (भाग २) कोपरा)" यातला कंस \(.*?\) या रेजेक्सने (म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्याने) काढला की मागे "कोपरा)" उरतं, ही तुमची अडचण वाचली आणि माझे जुने दिवस आठवले. इथेच नागपुरात पत्त्यांची एक यादी साफ करायची होती आणि मीही याच नमुन्यावर डोकं फोडून राहिलो होतो.

तो पहिल्याच बंद कंसाला का थांबतो, हे तुम्हाला कळलेलं आहेच. माझी खरी चूक त्यापुढची. उरलेले ")" डोळ्यांत खुपत होते, म्हणून मी ते सरसकट पुसले. यादी स्वच्छ दिसू लागली, पण कुठल्या ओळी बिघडल्या हे सांगणारी खूण तीच होती! त्यात काम थेट मूळ रकान्यावर केलेलं, प्रत ठेवलेली नाही. ज्या कार्यालयाने यादी दिली होती तिथे फाइल परत मागितली, तर "एकदा दिली ना" एवढंच उत्तर. मे महिन्याच्या उन्हात तीन चकरा मारल्यावर छापील कागद हातात पडले. त्यावरून एकेक पत्ता हाताने जुळवला. दोन मिनिटांच्या मेलसाठी माणसाला इतकं फिरवायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा वापरत असाल तर \((?:[^()]++|(?0))*\) चालेल. (?0) म्हणजे अख्खा नमुना तिथे पुन्हा लावणे. दुसरा + गाळू नका, नाहीतर बंद न झालेला कंस आला की इंजिन मागे फिरत बसतं. नोटपॅड प्लस प्लसमध्येही हे चालतं. जावास्क्रिप्ट, जावा आणि पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये ही सोय नाही. तिथे \([^()]*\) ने सगळ्यात आतला कंस काढा आणि काढायला काही उरेना तोवर तेच करत राहा.

माझं मत विचाराल तर रेजेक्स सोडा आणि मोजा. "(" आला की एक वाढवा, ")" आला की एक कमी करा, आकडा शून्य असतानाची, कंस सोडून इतर अक्षरं तेवढी ठेवा. मध्येच उणे झालं किंवा शेवटी शून्य आलं नाही, तर ती ओळ वेगळी काढा. माझ्या यादीत टायपिंग करताना बंद कंस राहून गेलेल्या ओळी बऱ्याच होत्या. रेजेक्स त्या अर्धवट कापतं आणि गप्प राहतं. तुमचा डेटा मी पाहिलेला नाही, त्यामुळे अवतरणचिन्हांतले कंस मोजायचे की नाही हे तुम्हीच ठरवा. निकाल मात्र शेजारच्या रकान्यातच घ्या.