म्हाताऱ्या मांजराच्या गळ्यातला पट्टा

प्रश्न : आमची मनी १४ वर्षांची आहे. पावसाळ्यात पिसवा झाल्या म्हणून पिसवांचा पट्टा बांधला. पाचव्या दिवशी पट्ट्याखालचे केस गेले, कातडी लाल झाली. कालपासून लाळ गळते आणि खाणंही कमी झालंय. पट्टा सैल करून ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. पट्टा आत्ताच कात्रीने कापून काढा. कातडीचा लालपणा एकवेळ पट्टा घासूनही होतो, पण लाळ गळणं म्हणजे औषध चाटून तोंडात गेलं किंवा कातडीतून अंगात गेलं, असं धरून चालायचं.

हातमोजे घालून कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि फक्त मान धुवा. जखम असेल तिथे साबण नको, नुसतं पाणी. लगेच टॉवेलने कोरडं करा. म्हातारं मांजर भिजलं की पटकन गारठतं, म्हणून पूर्ण आंघोळ घालू नका. मलम लावू नका, ती चाटेल. उलटी करवू नका. माणसांची पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, मांजराला ती मारक आहे.

पट्ट्याचं पाकीट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण उपचार पट्ट्यातल्या कीटकनाशक घटकावर ठरतो. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनच्या पट्ट्याने बहुधा खाज, केस जाणं, लाळ इतकंच होतं. टेट्राक्लोरविनफॉस किंवा प्रोपॉक्सर असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, जुलाब लागतात, श्वास अडतो. त्यावर अॅट्रोपिन या उताऱ्याचं इंजेक्शन लागतं. पाकिटावर घटकच छापलेले नसतील तर तो पट्टा कुठल्याच मांजराला बांधायचा नाही. अंग थरथरणं, झोकांड्या, झटके किंवा धाप, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. २४ तास काहीच खाल्लं नाही तरी दाखवाच. उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर चरबी चढते. जवळपास सोय नसेल तर इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

या वयात असं का होतं? मुळात मांजराचं यकृत काही औषधं कुत्र्यासारखी मोडू शकत नाही. त्यात म्हातारपणी मूत्रपिंडं थकलेली असतात आणि कातडी पातळ होते. शिवाय वजन उतरलं की पट्टा आपोआप ढिला होतो आणि खालचा जबडा किंवा पुढचा पाय त्यात अडकतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त जागा नको. या निमित्ताने मनीचं वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि थायरॉइडही तपासून घ्या.

पिसवांसाठी सध्या बारीक दातांची फणी पुरेल. रोज मान आणि शेपटीच्या बुडाशी फिरवा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. अंथरूण ६० अंश गरम पाण्यात धुवा, सोफ्याखाली आणि फरशीच्या फटींत व्हॅक्यूम फिरवा. अंडी अंगावरून घरभर गळतात आणि कोष महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे हे काम आठवड्यात सोडून चालत नाही. कातडी भरून आल्यावर मानेवर टाकायचं सेलामेक्टिन हे पिसवांचं औषध द्यायचं का, हे डॉक्टर वजन करून ठरवतील.

प्रश्न : कुत्र्याचं गोचिडाचं औषध अर्ध्या मात्रेत मांजराला चालेल?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अजिबात नाही. त्यात पुष्कळदा पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजराला त्याचे थोडे थेंबही झटके आणतात. कुत्र्याला लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा. कापूर आणि टी ट्री तेलही लावू नका.