चाळिशीआधीच चेहऱ्यावर सुरकुत्या दिसायला लागल्यात, काय करावं?
परभणीकडं उन्हात कापूस वेचणाऱ्या माझ्या मावशीचा चेहरा बघा आणि बाहीखाली झाकलेला तिचाच दंड बघा. वय एकच, पण दंड निम्म्या वयाचा वाटतो!

वयानं कातडीतलं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतंच. उन्हातली अतिनील किरणं ते आणखी लवकर तोडतात, ढगाळ दिवशीसुद्धा. म्हणून सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, उन्हातच काम असेल तर दर २ तासांनी परत. वर रुमाल, टोपी आहेच. बिडी-सिगारेट असेल तर सोडा.

आहेत त्या सुरकुत्यांवर रेटिनॉलनं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराच्या क्रीमनं, फरक पडतो, पण काही महिने लागतात. रात्रीच लावायचं, सुरुवातीला एक दिवसाआड. गरोदरपणात अजिबात नको. आणि ते लिंबू चोळणं आधी बंद करा, लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते.